प्रशिक्षणाची किंमत कोणी मोजली? मोझांबिकची मुले आणि पूर्व जर्मनीतले कारखाने

परदेशात शिकायला गेलेल्या आफ्रिकी तरुणावरचा एखादा जुना माहितीपट पाहिला, तर त्यात काय दिसेल याचा अंदाज बांधता येतो. निळा डगला घातलेला मुलगा लेथवर काम करतोय, शेजारी उभा असलेला वयस्कर फोरमन त्याला माप कसे घ्यायचे ते दाखवतोय, संध्याकाळी वसतिगृहात गाणी चालली आहेत. शेवटी तो सांगतो की, मी हे शिकून माझ्या देशात परत जाणार आणि तिथे कारखाने उभारणार. यातले काहीच खोटे नसते. तो मुलगा खरोखर शिकत असतो आणि त्याचे स्वप्नही खरे असते. पण त्याच्या पगाराची चिठ्ठी पडद्यावर येत नाही, आणि सगळी गोष्ट त्या चिठ्ठीत असते.

मोझांबिकमधून पूर्व जर्मनीत गेलेल्या तरुणांची ही गोष्ट आहे. ती किचकट आहे, कारण तिच्यात शिक्षण, मजुरी, दोन सरकारांमधली उधारी आणि चलनाचे हिशेब एकमेकांत अडकलेले आहेत. एकेक धागा सोडवत गेलो तर ती समजायला अवघड नाही. आणि समजून घ्यायलाच हवी, कारण ज्यांच्या पैशांचा हा प्रश्न आहे ती माणसे आज म्हातारी झाली आहेत आणि अजून मागणी करत आहेत.

सुरुवात १९७५ पासून करू. २५ जून १९७५ रोजी मोझांबिक पोर्तुगालच्या राज्यातून मुक्त झाला. फ्रेलिमो या लढाऊ संघटनेच्या हाती सत्ता आली आणि सामोरा माशेल राष्ट्राध्यक्ष झाले. देशात कुशल कामे बहुतांशी पोर्तुगीजांच्या हातात होती, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे दोन लाखांहून अधिक पोर्तुगीज देश सोडून गेले. यंत्र चालवणारे, रेल्वेचे फिटर, हिशेबनीस, डॉक्टर, सगळेच गेले. मागे राहिलेल्या लोकसंख्येत दहातल्या नऊ जणांना लिहितावाचता येत नव्हते. पोर्तुगीजांनी आफ्रिकी मुलांना शिकवलेच नव्हते, त्याचे हे फळ. त्यामुळे आपल्या तरुणांना कुठेतरी पाठवून कारखान्याचे काम शिकवून आणायचे, ही नव्या सरकारची गरज खरी होती. मी पुढे या व्यवहारावर जी टीका करणार आहे, ती ही गरज मान्य करूनच.

पूर्व जर्मनीची गरज वेगळी होती. तिथे कारखाने पुष्कळ, यंत्रे जुनी आणि हात कमी. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहण्याआधी लाखो लोक पश्चिमेकडे निघून गेले होते. कोळशाच्या खाणी, कापडगिरण्या, कत्तलखाने, गाड्यांचे कारखाने यांना माणसे पुरत नव्हती. पाळीची, धुळीची, थंडीतली कामे करायला स्थानिक लोक तयार नसत. म्हणून त्या सरकारने पोलंड, हंगेरी, क्युबा, अल्जीरिया, अंगोला, व्हिएतनाम अशा देशांशी मजुरांचे करार केले. यात सर्वांत मोठा गट व्हिएतनामी लोकांचा होता.

फेब्रुवारी १९७९ मध्ये पूर्व जर्मनीचे प्रमुख एरिक होनेकर आफ्रिकेच्या दौऱ्यावर असताना मोझांबिकची राजधानी मापुतोला आले. २४ फेब्रुवारीला दोन देशांत मैत्रीचा करार झाला आणि त्यासोबतच मोझांबिकच्या कामगारांच्या तात्पुरत्या नोकरीचाही करार झाला. त्यानुसार साधारण १८ ते २५ वयाच्या तरुणांनी चार वर्षांसाठी जायचे, कारखान्यात काम करायचे आणि काम करता करता शिकायचे. पुढच्या दहा वर्षांत वीस हजारांच्या आसपास मोझांबिकी तरुण असे गेले. भिंत पडली त्या १९८९ साली त्यांतले सुमारे पंधरा हजार तिथे होते.

त्यांच्यापैकी कित्येकांना आपण विद्यार्थी म्हणून चाललोय असेच वाटत होते. इब्राइमो आल्बेर्तो १९८१ मध्ये पूर्व बर्लिनला पोहोचले तेव्हा आपल्याला क्रीडाशिक्षण घेता येईल अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांना मांसाच्या कारखान्यात काम मिळाले. पुढे ते बॉक्सर म्हणून नावारूपाला आले आणि आपल्या आयुष्याबद्दल त्यांनी लिहिलेही आहे. अंगोलाहून १९८७ मध्ये आलेल्या आमादेउ आंतोनियो यांना विमानांचे तंत्रज्ञान शिकायचे होते, त्यांनाही एबर्सवाल्डच्या मांस कारखान्यात खाटकाचे काम शिकावे लागले. ‘तुला काय शिकायचे आहे?’ हा प्रश्न कोणाला विचारला जात नव्हता. कोणत्या कारखान्याला किती माणसे हवीत हे आधी ठरायचे आणि त्या आकड्यानुसार माणसे वाटली जायची.

विद्यार्थी म्हणून नेलेल्यांचा एक गट मात्र वेगळा होता, आणि माहितीपट काढायचा तर त्याच्यावर काढावा असा. माग्देबुर्गजवळच्या श्टासफुर्ट गावात १९८२ मध्ये ‘मैत्रीची शाळा’ नावाची निवासी शाळा सुरू झाली. मोझांबिकच्या सगळ्या प्रांतांतून निवडलेली सुमारे ९०० मुले तिथे आणली गेली, बहुतेकांची वये बारा ते पंधरा. आधी शालेय शिक्षण आणि मग दोन वर्षे धंदेशिक्षण, असा क्रम होता. मोझांबिकमध्ये उद्या जे उद्योग उभे राहतील त्यांच्यासाठी कोणती कौशल्ये लागतील याचा अंदाज घेऊन मुलांना वेगवेगळ्या कामांचे शिक्षण दिले गेले. मुलगा काय शिकणार हे इथेही वरूनच ठरत होते.

पण ज्या उद्योगांसाठी ही तयारी चालली होती, ते उभेच राहिले नाहीत. दरम्यान मोझांबिकमध्ये यादवी पेटली होती. रेनामो ही बंडखोर संघटना, जिला आधी ऱ्होडेशियाचा आणि नंतर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारचा पाठिंबा होता, रेल्वेमार्ग उखडत होती, शाळा आणि दवाखाने जाळत होती. १९८८ मध्ये श्टासफुर्टची मुले परतली, तेव्हा त्यांतल्या अनेक मुलांना थेट सैन्यात भरती केले गेले. परक्या देशात सहा वर्षे काढून, जर्मन शिकून, हातात कारागिराचे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलाला बंदूक मिळाली. हे वाचताना मला आजही त्रास होतो.

आणि सगळे परतलेही नाहीत. कार्लुस कोन्सेसाव हा त्या शाळेचा १८ वर्षांचा विद्यार्थी. सप्टेंबर १९८७ मध्ये श्टासफुर्टमध्ये झालेल्या भांडणानंतर त्याला पुलावरून बोडे नदीत फेकून दिले गेले आणि तो बुडाला. वर्णद्वेष आपल्या देशात नाहीच, अशी तिथल्या सरकारची अधिकृत भूमिका होती, त्यामुळे अशा मृत्यूंवर उघडपणे बोलणे अवघड होते.

आता पगाराच्या चिठ्ठीकडे येऊ.

कारखान्यातल्या मोझांबिकी कामगाराला त्याच कामाच्या जर्मन कामगाराइतकाच पगार ठरलेला होता. कागदावर यात भेदभाव नव्हता. पण त्या पगारातून एक हिस्सा कापला जायचा. सुरुवातीच्या काळात तो २५ टक्के होता. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर नियम बदलला, आणि हातात येणाऱ्या पगारातल्या ३५० मार्कांच्या वर जेवढी रक्कम असेल तिच्या ६० टक्के कापले जाऊ लागले. समजा, एखाद्याला कर वगैरे वजा जाऊन ८५० मार्क मिळणार आहेत. ३५० सोडले तर उरतात ५००. त्यांचे ६० टक्के म्हणजे ३००. महिन्याला ३०० मार्क कापले गेले तर वर्षाचे ३,६०० आणि चार वर्षांच्या मुदतीत १४,४०० मार्क होतात.

कामगारांना सांगितलेले असे की, ही तुमची बचत आहे. तुमच्या देशात ती जमा होते, परतल्यावर तुमच्या चलनात, मेटिकालमध्ये, मिळेल. तरुणांना ते पटण्यासारखे होते. परत जाऊन घर बांधू, लग्न करू, दुकान टाकू, असे बेत त्या बचतीवर रचले गेले.

प्रत्यक्षात काय होत होते? पूर्व जर्मनीचा मार्क जगाच्या बाजारात चालत नव्हता, आणि मोझांबिकचा मेटिकालही चालत नव्हता. दोन देशांतला व्यापार वहीतल्या नोंदींवर चालायचा. पूर्व जर्मनी मोझांबिकला ट्रक, यंत्रे आणि इतर माल उधारीवर देत होती. मोझांबिकने त्याची फेड कोळसा, काजू, कापूस अशा मालाने करायची होती. मोआतिझेच्या कोळशावर मोठी भिस्त होती, पण खाणीपासून बंदरापर्यंतचा रेल्वेमार्ग रेनामोने निकामी केला. माल जाईना, त्यामुळे उधारी वाढत गेली. पूर्व जर्मनीची स्वतःची आर्थिक स्थितीही तेव्हा बिकट झाली होती आणि तिला आपले पैसे वसूल करायचे होते.

मग वसुलीसाठी उरले काय? तिच्याच कारखान्यांत राबणारे हजारो हात. कामगाराच्या पगारातून कापलेले मार्क कधी मोझांबिकला गेलेच नाहीत. ते पूर्व जर्मनीतच राहिले आणि तेवढी रक्कम मोझांबिकच्या कर्जात वळती करून घेतली गेली. तेवढ्या रकमेचे मेटिकाल आपल्या तिजोरीतून काढून कामगाराला देणे, ही मोझांबिक सरकारची जबाबदारी ठरली. पण त्या तिजोरीत पैसाच नव्हता. युद्ध चालू होते, दुष्काळ पडले होते.

आपल्याकडच्या नोकरदाराला हे पीएफच्या भाषेत चटकन कळेल. दर महिन्याला पगारातून पीएफ कापला जातोय, चिठ्ठीवर तशी नोंदही येतेय, पण ती रक्कम खात्यात न जाता मालकाच्या कर्जाचे हप्ते फेडायला जातेय, आणि निवृत्तीच्या दिवशी मालक म्हणतो की सध्या देता येत नाही. इथे मालकाच्या जागी एक अख्खे राष्ट्र होते आणि कर्ज देणाऱ्या बँकेच्या जागी दुसरे. कामगाराने ते कर्ज काढले नव्हते, आणि आपल्या घामाने ते फिटते आहे हे त्याला कोणी सांगितलेही नव्हते.

त्यातच १९८७ पासून मेटिकालचे मोठे अवमूल्यन झाले. ज्यांना थोडेफार पैसे मिळाले, त्यांच्याही हातात जे आले त्याची बाजारातली किंमत पार घसरलेली होती. शहाणपण दाखवले ते कपातीनंतर उरलेल्या पगाराच्या वस्तू घेऊन त्या लाकडी खोक्यांत भरून जहाजाने घरी पाठवणाऱ्यांनी. मोटारसायकल, शिलाई मशीन, फ्रिज, रेडिओ. कित्येक कुटुंबांना चार वर्षांच्या श्रमातून खात्रीने मिळालेली कमाई तेवढीच ठरली.

या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती एक जुनी आठवण, मोझांबिकचीच.

पूर्व जर्मनीशी करार होण्याच्या कितीतरी आधीपासून मोझांबिकचे पुरुष दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत कामाला जात होते. १९२८ च्या करारापासून त्यांच्या मजुरीचा काही भाग रोखून ठेवला जाई आणि तो घरी परतल्यावरच मिळे. पुढे हा रोखलेला वाटा ६० टक्क्यांपर्यंत गेला. दक्षिण आफ्रिका ती रक्कम पोर्तुगीज सरकारला सोन्याच्या रूपात, ठरलेल्या स्वस्त अधिकृत भावाने देत असे. सरकार ते सोने बाजारभावाने विकून मधला नफा ठेवी आणि खाणकामगाराला स्थानिक चलनात त्याची मजुरी देई. स्वातंत्र्यानंतर दक्षिण आफ्रिकेने मोझांबिकी कामगारांची भरती झपाट्याने घटवली. १९७५ मध्ये एक लाखाहून अधिक असलेली त्यांची संख्या दोनेक वर्षांत निम्म्याहून खाली आली. १९७८ मध्ये सोन्याची ती व्यवस्थाही बंद झाली. नव्या सरकारचा परकीय चलनाचा मोठा झरा आटला. आणि पुढच्याच वर्षी पूर्व जर्मनीशी करार झाला.

दोन्ही व्यवस्थांची सरसकट बरोबरी मी करणार नाही. खाणीतल्या माणसाला वर्णद्वेषी राजवटीत राबवले जात होते. जर्मनीत गेलेल्याला निदान कायद्याने समान पगार होता, उपचार मिळत होते, काहींना खरेखुरे कौशल्य मिळाले. पण परदेशात राबणाऱ्या माणसाची मजुरी अडवून तिच्यावर देशाचा व्यवहार चालवायचा, ही रीत साम्राज्याकडून स्वतंत्र सरकारने जशीच्या तशी उचलली. साठ टक्के हा आकडासुद्धा तोच!

खाणकामगारांच्या या मजुरीचा बारकाईने अभ्यास मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठातल्या आफ्रिकी अभ्यास केंद्रात झाला होता. तिथे संशोधनाची धुरा रूथ फर्स्ट यांच्याकडे होती. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या या विदुषी तिथून परागंदा झालेल्या होत्या. आणि या केंद्राचे संचालक होते गोव्याचे आकिनो द ब्रागांसा. ते १९२४ मध्ये बार्देशात जन्मले, पोर्तुगीज साम्राज्याविरुद्धच्या आफ्रिकी चळवळींत आयुष्य घातले आणि सामोरा माशेल यांचे विश्वासू सल्लागार झाले. गोवा आणि मोझांबिक यांचे नाते तसे जुनेच. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे. १७ ऑगस्ट १९८२ रोजी त्या केंद्रात दक्षिण आफ्रिकेच्या हेरखात्याने पाठवलेले बॉम्बचे पाकीट फुटले. रूथ फर्स्ट जागीच गेल्या, त्याच खोलीत असलेले ब्रागांसा जखमी होऊन वाचले. चार वर्षांनी, १९ ऑक्टोबर १९८६ रोजी, माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी इथे कोसळले, त्यात माशेल यांच्यासोबत ब्रागांसाही गेले. गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना हे नाव फारसे माहीत नसते, ते माहीत व्हावे असे मनापासून वाटते.

वसतिगृहांबद्दल थोडेसे. कामगारांना कारखान्याच्या वसतिगृहातच राहावे लागे, माणशी पाच चौरस मीटर जागा, आल्यागेल्याची नोंद आणि पाहुण्यांना वेळेची मर्यादा. स्त्री कामगार गरोदर राहिली तर तिच्यापुढे दोनच मार्ग असत, गर्भपात किंवा परतीचे विमान. १९८९ च्या सुरुवातीपर्यंत हेच चालू होते. तरीही माणसे प्रेमात पडली, मुले झाली, मैत्र्या जुळल्या. त्या काळाबद्दल बोलताना पुष्कळ मोझांबिकी लोक आजही आपुलकीने बोलतात. तारुण्य तिथे गेले, पहिला पगार तिथे मिळाला, पहिल्यांदा बर्फ तिथे पाहिला. चांगल्या माहितीपटात ही आपुलकीही असायला हवी आणि फसवणूकही. एकीपायी दुसरी झाकली, तर त्या माणसांवर पुन्हा अन्याय होतो.

नोव्हेंबर १९८९ मध्ये भिंत पडली आणि सगळे विस्कटले. कारखाने एकामागून एक बंद होऊ लागले आणि सर्वांत आधी बाहेर काढले गेले ते परदेशी कामगार. १९९० मध्ये नियम झाला की, मुदतीआधी घरी जाणाऱ्यांना ३,००० मार्क, तीन महिने पगाराचा ७० टक्के भाग आणि विमानाचे तिकीट मिळेल. बहुतेकांनी ते घेतले. काहींना हे हक्क आहेत हेच कळले नाही. रस्त्यावर तेव्हा भीतीचे वातावरण होते. आमादेउ आंतोनियो यांना नोव्हेंबर १९९० मध्ये एबर्सवाल्डमध्ये जमावाने बेदम मारले, ते ६ डिसेंबरला गेले. एप्रिल १९९१ मध्ये ड्रेस्डेनला जोर्ज गोमोंदाय हा मोझांबिकी तरुण ट्रामवरच्या वर्णद्वेषी हल्ल्यात जीव गमावून बसला. त्याच सप्टेंबरात लाउझित्सच्या कोळसा पट्ट्यातल्या होयर्सवेर्डा शहरात मोझांबिकी आणि व्हिएतनामी कामगारांच्या वसतिगृहावर जमाव दिवसचे दिवस दगडफेक करत राहिला. शेवटी अधिकाऱ्यांनी हल्लेखोरांऐवजी कामगारांनाच बसमध्ये घालून शहराबाहेर नेले.

परतलेल्यांना मोझांबिकमध्ये मॅजर्मानेस म्हणतात. शिकून आलेले काम करायला कारखाना नाही, बचत विचारायला गेले तर मंत्रालयात उत्तर नाही. मग त्यांनी मापुतोत मोर्चे काढायला सुरुवात केली. दर बुधवारी मोर्चा, अनेक वर्षे. हातात पूर्व जर्मनीचा झेंडा, म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या देशाचा. शहरातली ज्या बागेत ते जमतात ती आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते. २००४ मध्ये त्यांच्यापैकी काही जण जर्मन दूतावासात घुसले आणि तिथे ठाण मांडून बसले. मोझांबिक सरकारने पुढे काहींना काही रक्कम दिली. ती पूर्ण नाही आणि तिचा हिशेब आम्हाला दाखवलेला नाही, हे त्यांचे म्हणणे कायम आहे.

एकत्रित जर्मनीचे म्हणणे असे की, पूर्व जर्मनीने करारानुसार व्यवहार पूर्ण केला, रक्कम मोझांबिकच्या नावे जमा झाली, आता ती देणे मोझांबिकचे काम. कायद्याच्या अंगाने हे ऐकायला ठीक वाटते. पण मला ते पुरेसे वाटत नाही. ज्या कर्जात ही मजुरी वळती झाली, त्या कर्जाचा फायदा एका बाजूने घेतला आणि श्रमाचा फायदा दुसऱ्या बाजूने, तोही याच जर्मन भूमीवर. त्या श्रमातून निघालेला कोळसा, विणलेले कापड, बांधलेल्या गाड्या जर्मनीतच राहिल्या. शिवाय कामगारांच्या पगारातून सामाजिक विम्याचे पैसेही कापलेले होते, आणि त्या वर्षांचे पेन्शन आज कोण देणार हा प्रश्न लोंबकळतच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये, कराराला ४० वर्षे झाली तेव्हा, माग्देबुर्गमध्ये मोठी परिषद भरली आणि तिथे कामगारांनी, चर्चच्या लोकांनी, अभ्यासकांनी जर्मनीने भरपाई द्यावी ही मागणी एकत्र मांडली. साम्यवादी राजवटीच्या पीडितांसाठी जर्मन संसदेने नेमलेल्या आयुक्त एवेलिन त्सुपके यांनीही या कामगारांसाठी मदतीचा मार्ग काढण्याचा आग्रह धरला.

मागणी तशी साधी आहे. प्रत्येक कामगाराच्या नावावर किती कापले, कधी कापले आणि कोणत्या दराने वळते केले, याचा माणसागणिक हिशेब दोन्ही सरकारांनी खुला करावा आणि राहिलेले पैसे द्यावेत. त्या काळच्या पगाराच्या चिठ्ठ्या, कारखान्याची ओळखपत्रे, करारपत्रे पुष्कळांनी अजून जपून ठेवली आहेत. १९७९ मध्ये विशीत असलेला तरुण आज साठी कधीच ओलांडून गेला आहे, आणि काही कुटुंबांत हा दावा आता मुले चालवत आहेत.